चप्पल निसटते आणि कळत नाही

आमच्या उचगावात सकाळच्या वेळी के.एम.टी.च्या थांब्यावर, दळपाच्या गिरणीत किंवा विहाराच्या ओट्यावर दोन घटका बसले, की दुखण्याखुपण्याच्या गोष्टी हमखास कानी पडतात. कुणाची कंबर धरलेली असते, कुणाचा गुडघा ठणकत असतो. त्यातली एक तक्रार मात्र अशी आहे, की सांगणारा ती हसत सांगतो आणि ऐकणाराही हसून सोडून देतो. "पायाला सारख्या मुंग्या येत्यात बघा. परवा चालता चालता पायातली चप्पल कवा निसटली, कळलंच न्हाई. घरात येऊन बघतोय तर एक पाय मोकळाच!"

वाचकहो, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पायातून चप्पल निसटावी आणि पायाला ते कळू नये, याचा अर्थ पाय आणि मेंदू यांच्यातला निरोप कुठेतरी अडला आहे. दुखणारा माणूस दवाखान्याची पायरी चढतो. ज्याला काही दुखतच नाही, तो कशाला चढेल? आणि म्हणूनच हे न दुखणारे दुखणे अधिक धोक्याचे आहे.

दुसरी गोष्टही येथेच सांगून टाकतो. मज्जातंतूंचा आजार म्हटला की लोकांना वाटते, मेंदूत काहीतरी बिघडले, नाहीतर वारे गेले, नाहीतर कुणीतरी काही केले. मग देवऋषी, अंगारा, तेल-मालिश यात महिने जातात. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा मज्जातंतूंचा स्वतःचा काही दोष नसतो. आजार दुसरीकडेच सुरू झालेला असतो. तो रक्तातल्या साखरेत असतो, पोटातल्या जंतूत असतो, छातीतल्या क्षयात असतो किंवा कातडीवरच्या एका फिक्या चट्ट्यात असतो. मज्जातंतू फक्त त्याची किंमत मोजतात. मूळ आजार वेळेत धरला तर मज्जातंतू वाचतात. आजच्या लेखात आम्ही एवढेच सांगणार आहोत, पण ते नीट उलगडून सांगणार आहोत.

शरीरातल्या तारा

आपल्या घरात विजेचा मीटर असतो, तेथून मुख्य तार निघते आणि तिला फाटे फुटत प्रत्येक दिव्यापर्यंत जातात. शरीरातही असेच आहे. मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू हे मुख्य ठाणे. तेथून निघालेले मज्जातंतू हातापायांच्या बोटांपर्यंत, कातडीपर्यंत, आतड्यांपर्यंत पोचतात. विजेच्या तारेवर जसे रबरी वेष्टण असते, तसेच बऱ्याच मज्जातंतूंवरही चरबीयुक्त वेष्टण असते. ते शाबूत असेल तरच निरोप वेगाने जातो.

हे तंतू तीन कामे करतात. थंड, गरम, टोचणे, दुखणे हे मेंदूला कळवणे हे पहिले काम. स्नायूंना हालचालीचा हुकूम देणे हे दुसरे. आणि घाम, रक्तदाब, पचन, लघवी ही आपल्या नकळत चालणारी कामे सांभाळणे हे तिसरे. म्हणून मज्जातंतू बिघडले की कुणाचा पाय बधिर होतो, कुणाची पकड सुटते, तर कुणाला उठून उभे राहताच भोवळ येते. रोग एकच, रूपे तीन.

सर्वांत लांब तंतू कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जातात. मोठ्या माणसात ही लांबी जवळजवळ एक मीटर भरते. जी तार सर्वांत लांब, तिला पोसणे सर्वांत अवघड. म्हणून रक्तात काही बिघाड झाला, की पहिली तक्रार बहुधा पायाच्या बोटांकडून येते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढू शकतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर एवढ्याच गतीने, आणि तोही परिस्थिती चांगली असेल तर! मुळाशी इजा झाली तर बोटापर्यंत पोचायला वर्षे लागतील, आणि तोवर स्नायू वाळून जातील. म्हणून उशीर परवडत नाही.

साखर आणि पाय

मज्जातंतूंना इजा करणाऱ्या आजारांत आज सर्वांत पुढे आहे मधुमेह. वर्षानुवर्षे मधुमेह असलेल्या माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मज्जातंतूंवर कमी-अधिक परिणाम होतो. रक्तात साखर सतत वाढलेली राहिली की मज्जातंतूंच्या पेशींचे कामकाज बिघडते. शिवाय त्यांना रक्त पुरवणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्या खराब होतात. तार एकीकडून गंजते आणि दुसरीकडून उपाशी राहते.

सुरुवातीला तळपायाला मुंग्या येतात, आग होते. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की जळजळ वाढते, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. मग काही महिन्यांनी, वर्षांनी ही आग कमी होते. माणूस म्हणतो, "आता बरं वाटतंय." येथेच घात होतो! आग थांबली, कारण कळवणारा तंतूच मेला. आता पायात खिळा घुसला तरी पाय बोलणार नाही.

मधुमेहाने पायांना काय यातना होतात, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. १९४७-४८ च्या सुमारास, घटनेच्या मसुद्याचे प्रचंड काम अंगावर असताना, बाबासाहेबांना पायांच्या वेदनांनी रात्र रात्र झोप येत नसे. डॉक्टरी भाषेत त्याला न्यूरायटिस म्हणत. त्यांना मधुमेह होता, इन्शुलिन घ्यावे लागत होते. उपचारासाठी ते मुंबईला डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात जात, आणि त्याच सुमारास त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत विवाह झाल्यावर त्याच आपल्या माईसाहेब झाल्या. १९५४ साली जून ते ऑक्टोबर बाबासाहेब अंथरुणाला खिळून होते, दृष्टीही क्षीण झाली होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला ते उभे राहिले ते काठीच्या आधाराने. त्या पायांवर उभे राहून त्यांनी लाखोंना नवा मार्ग दाखवला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथही त्यांनी अशा शरीराकडून लिहून घेतला. तो १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

हे आम्ही केवळ श्रद्धेने सांगत नाही. त्या काळी साखर घरच्या घरी तपासायची सोय नव्हती, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी नव्हती. आज या तपासण्या सरकारी दवाखान्यात होतात. मग तसबिरीला हार घालणाऱ्या आपल्या घरात चाळिशी-पन्नाशीच्या किती माणसांनी गेल्या वर्षभरात साखर तपासली आहे? ज्याने त्याने आपल्या घरापुरते मोजावे.

उचगावच्या आसपासचे पुष्कळ लोक शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जातात. फाउंड्रीत तापलेल्या लोखंडाचा कण बुटात पडतो. ज्याचा पाय शाबूत आहे तो उडी मारून बूट झटकतो. ज्याचा पाय बधिर आहे त्याला संध्याकाळी मोजा काढताना डाग दिसतो. उसाच्या रानात अनवाणी चालणाऱ्या बाईच्या टाचेत काटा मोडतो आणि आठ दिवसांनी पू दिसतो. घरोघरी आणखी एक प्रकार घडतो. पाय दुखतात म्हणून सून मायेने सासऱ्याला ऊनऊन पाण्याची बादली देते. सासऱ्याला पाणी कोमटच वाटते आणि कातडी सोलून निघते. सुनेचा दोष नाही, सासऱ्याचाही नाही. पण मधुमेही माणसाने पाणी पायाने पाहू नये, दुसऱ्याने कोपर बुडवून पाहावे, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवे होते.

आणि आपली कोल्हापुरी चप्पल! तिचा आम्हालाही अभिमान आहे. आपल्याच कारागीर बांधवांच्या हातांनी तिचे नाव जगभर नेले. पण नवी कोल्हापुरी चावते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. चावते म्हणून आपण ती थोडी थोडी घालून, तेल लावून मऊ करतो. बधिर पायाला चावलेले कळत नाही. तो दिवसभर तीच घालून लग्नात मिरवतो आणि रात्री अंगठ्याशी फोड असतो. अशा पायाला मऊ तळाचे, मागे पट्टा असलेले पादत्राण हवे. कोल्हापुरी कपाटात ठेवावी, पाय ठेवावा जमिनीवर.

फिका चट्टा

मधुमेहाचा बधिर पाय आणि कुष्ठरोगाचा बधिर पाय शेजारी ठेवले तर तळव्यावरची जखम कित्येकदा सारखीच दिसते. कारण दोन्हीकडे मेला आहे तो मज्जातंतू.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली दाखवून दिला. हा जंतू अतिशय संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. म्हणून संसर्गानंतर लक्षण दिसायला साधारण पाच वर्षे, कधी त्याहूनही पुष्कळ अधिक काळ जातो. त्याला शरीराचा थंड भाग आवडतो आणि मज्जातंतूंच्या वेष्टणातल्या पेशींत तो घर करतो. पहिली खूण म्हणजे कातडीवरचा फिका किंवा लालसर चट्टा. तो खाजत नाही, दुखत नाही, तेथे स्पर्श कळत नाही. खाजत असता तर माणूस मलम शोधत गेला असता!

मग कोपराच्या आतल्या बाजूचा तंतू सुजतो आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट वाकते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा तंतू गेला की पाऊल लोंबते, चालताना बोटे जमिनीला घासतात. चेहऱ्याचा तंतू गेला की पापणी मिटत नाही आणि डोळा कोरडा पडून खराब होतो.

पूर्वी लोक समजत की या रोगात बोटे सडून गळतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ पासून काम केलेले शल्यवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे रोजचे जीवन बारकाईने पाहिले आणि निराळीच गोष्ट दाखवली. बोटे आपोआप गळत नाहीत. हात भाजतो, कापतो, कधी रात्री झोपेत उंदीरही कुरतडतो, आणि वेदनाच नसल्याने माणूस सावध होत नाही. इजेवर इजा होऊन बोट झिजत जाते. वेदना ही शत्रू नसून पहारेकरी आहे, हा धडा ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांकडून घेतला आणि पुढे अमेरिकेत तोच मधुमेही रुग्णांच्या पायांसाठी वापरला. आज बधिर पायांसाठी मऊ रबराची जी एम.सी.आर. चप्पल मिळते, ती याच विचारातून आलेली.

या रोगावर १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. सहा महिने ते एक वर्ष गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्ग होणे थांबते. शिवाय शंभरातल्या पंचाण्णव माणसांच्या अंगात या जंतूविरुद्ध मुळातच ताकद असते. २००५ च्या अखेरीस आपल्या देशात रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आले. पण प्रमाण खाली येणे म्हणजे रोग संपणे नव्हे. नवे रुग्ण आजही सापडतात आणि त्यांत लहान मुलेही असतात. उपचार चालू असताना किंवा नंतरही एखादी नस अचानक सुजली, हात-पाय लुळा वाटू लागला, तर गोळ्यांनीच असे झाले समजून त्या बंद करू नयेत. ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. सूज उतरवणारी औषधे पहिल्या काही महिन्यांत मिळाली तर गेलेली शक्ती परत येऊ शकते.

कोल्हापुरात शेंडा पार्कचे नाव काढले की जुन्या माणसांना कुष्ठधाम आठवते. मिरजेला रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय, तिकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन. या संस्थांनी मोठे काम केले, पण त्यांची गरज का पडली? घराने दार लावले म्हणून! हात लावू नये, भांडे वेगळे, पाणी वरून वाढायचे, वस्तीबाहेर राहायचे. बंधू-भगिनींनो, या गोष्टी आपल्याला ऐकूनच नव्हे तर सोसून ठाऊक आहेत. ज्या समाजाने शिवाशीव भोगली, त्या समाजाच्या घरात तरी कुष्ठरुग्णाचा पेला वेगळा असता कामा नये. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग काढून टाकण्यात आला. कायदा बदलला, आता मन बदलायचे आहे. कारण भीतीपोटी चट्टा लपवला जातो, आणि लपवलेल्या चट्ट्याखाली तंतू मरत राहतो.

नागिणीचे तोंड आणि शेपूट

मज्जातंतूत दडून बसणारा दुसरा पाहुणा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मज्जारज्जूशेजारच्या गाठींत तो वर्षानुवर्षे झोपतो. उतारवयात, मधुमेहात किंवा प्रतिकारशक्ती खालावली असता तो जागा होतो आणि एका तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. कंबरेवर किंवा छातीवर एका बाजूला फोडांचा पट्टा उठतो, अंगाची आग होते. हीच नागीण.

गावोगाव समजूत आहे, की नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो. म्हणून कावेने रेघ ओढतात, मंत्र घालतात. खरे कारण साधे आहे. ती ज्या तंतूच्या वाटेने येते तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून पट्टा बहुधा मध्यरेषेवरच थांबतो. रेघेने थांबला असे मांत्रिकाला वाटते आणि आपल्यालाही! पण फोड उठल्यापासून पहिल्या तीन दिवसांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर आजार लवकर आवरतो. हे तीन दिवस कावेत घालवू नयेत. नागीण डोळ्याजवळ उठली असेल तर एक तासही दवडू नये.

पोट बिघडले आणि पाय गेले

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत एकाएकी माणसांचे पाय लुळे पडू लागले. गिया बारे सिंड्रोम, थोडक्यात जी.बी.एस., हे नाव त्या वेळी घराघरांत पोचले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली, काही जण दगावले. रुग्णांच्या नमुन्यांत कँपायलोबॅक्टर नावाचा जंतू आणि नोरोव्हायरस सापडले. दोन्ही पोटाचे जंतू, दूषित पाण्यातून आणि अन्नातून येणारे.

पोटाच्या जंतूचा पायाशी काय संबंध? या आजारात जंतू स्वतः मज्जातंतूपर्यंत जातच नाही. त्याच्याशी लढायला शरीर जे सैन्य उभे करते, त्या सैन्याची चूक होते. कँपायलोबॅक्टरच्या वरचे काही घटक आणि आपल्या मज्जातंतूंवरचे घटक दिसायला सारखे असतात. सैन्य चोराला ओळखायला जाते आणि घरच्याच माणसाला झोडपते. जुलाब थांबून एक ते तीन आठवडे झालेले असतात, माणूस ते विसरूनही गेलेला असतो. मग पायांत मुंग्या, जिना चढवेना, बसलेले उठवेना, आणि ही कमजोरी पायांकडून वर वर चढत हातांपर्यंत, कधी श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचते. गिया, बारे आणि स्त्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, सैनिकांमध्ये हा आजार वर्णन केला होता. म्हणजे तो नवा नाही.

घाबरायचे काय आणि धीर धरायचा कशाचा, दोन्ही सांगतो. कमजोरी तासातासाने वाढत असेल, गिळताना ठसका लागत असेल, धाप लागत असेल, तर ती रात्र घरी काढू नये. ज्या रुग्णालयात श्वास देणारे यंत्र आहे तेथेच न्यावे. रक्तातील प्रतिद्रव्यांची इंजेक्शने किंवा रक्तद्रव बदलण्याचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत मिळाला तर फायदा होतो. औषधे महाग आहेत, म्हणून महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा कक्ष रुग्णालयात कुठे आहे हे दाखल करतानाच विचारावे. आणि धीर असा, की बहुसंख्य रुग्ण काही महिन्यांत, कुणी वर्षभरात, पुन्हा चालू लागतात. व्यायाम घेणारा आणि उशाशी बसणारा माणूस मात्र हवा.

पुणे लांब आहे असे कुणी म्हणू नये. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्याने काविळीची मोठी साथ आली होती, ती आपल्याच जिल्ह्यात. पंचगंगेचे हाल आपण डोळ्यांनी पाहतो. आणि हेपटायटिस ई या पाण्यातून पसरणाऱ्या काविळीनंतरही कधीकधी जी.बी.एस. झाल्याचे आढळले आहे. नळाची पाइप गटारातून जात असेल आणि पाण्याला वास येत असेल, तर पाणी उकळून प्यावे आणि ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार द्यावी. चिकन आतपर्यंत शिजवावे, कच्चे चिकन कापलेल्या पाटावर कोशिंबीर चिरू नये. पाण्यासाठी १९२७ साली आपण महाडला गेलो. ते पाणी स्वच्छ मिळण्यासाठी ग्रामपंचायतीपर्यंत जायला आपल्याला कसला संकोच?

जंतू मेंदूकडे निघतात तेव्हा

काही जंतू थेट मुख्य ठाण्यावरच चाल करतात. छातीतला क्षय रक्तावाटे मेंदूच्या आवरणापर्यंत गेला की आठ-पंधरा दिवस बारीक ताप, डोकेदुखी, उलटी, चिडचिड, मग गुंगी अशा क्रमाने आजार वाढतो. मूल एकाएकी खेळेनासे झाले, उजेड नकोसा झाला, मान ताठ झाली, तर परीक्षेचा ताण म्हणून सोडू नये. जन्मल्यावर टोचली जाणारी बी.सी.जी. लस लहान मुलांना या मेंदूच्या क्षयापासून बऱ्यापैकी वाचवते. ती चुकवू नये.

फिट येणाऱ्या माणसाला कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे अजून चालूच आहे. अनेकांच्या मेंदूत चपट्या कृमीच्या अळीची गाठ असते, हे किती जणांना ठाऊक असते? या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत, तेथून न धुतलेल्या भाजीवर किंवा न धुतलेल्या हातावर येतात. म्हणून शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. तपासणी आहे, औषध आहे. फिट आली तर कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत.

आणि कुत्रे! रेबीजचा विषाणू चावल्या जागेपासून मज्जातंतूच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. तो वाटेत आहे तोवर लस त्याला गाठू शकते. तो पोचला आणि पाण्याची भीती सुरू झाली, की जवळजवळ कोणीही वाचत नाही. म्हणून जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद भरू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांच्या सुया पुऱ्या कराव्यात. तिसरी सुई चुकवणारे पुष्कळ भेटतात.

ताटातले आणि बाटलीतले

मुंग्या आल्या म्हणजे मधुमेहच, असेही नाही. बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता हे दुसरे मोठे कारण. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकते. साधी तपासणी, स्वस्त इंजेक्शने. पण फार उशीर झाला तर तोल जातो तो परत येत नाही. क्षयाच्या औषधांतील आयसोनियाझिडनेही हातापायांना मुंग्या येतात. तेव्हा औषध बंद करायचे नसते, डॉक्टर बी-६ ची गोळी जोडून देतात. थायरॉईड, मूत्रपिंडाचे विकार, एच.आय.व्ही. यांचाही शोध डॉक्टर घेतात. आणि रोजची दारू मज्जातंतूंना थेट जाळते, वर जेवणही तोडते. पाय बधिर झालेल्या दारुड्याला बी-१२ ची इंजेक्शने देत राहणे आणि बाटली चालू ठेवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

घरी करायचे काय?

रोज रात्री अंथरुणावर पडण्याआधी पाय धुवून, पुसून, उजेडात पाहावेत. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा, नाहीतर नातवाला पाहायला सांगावे. बोटांच्या बेचक्यांत ओल राहू देऊ नये. चप्पल-बूट घालण्यापूर्वी झटकावे, आत हात फिरवावा. कुरूप ब्लेडने कापू नये. अनवाणी चालू नये, घरातसुद्धा. कुणाचीही चप्पल नकळत निसटत असेल, कापूस फिरवलेला कळत नसेल, शर्टाची गुंडी लावता येईनाशी झाली असेल, अंगावर न खाजणारा चट्टा असेल, तर आठ दिवसांच्या आत दाखवावे. कमजोरी वर चढत असेल, तोंड वाकडे झाले असेल, बोलणे अडखळत असेल, किंवा तापाबरोबर शुद्ध हरपत असेल, तर आठ दिवस नव्हे, आठ मिनिटेही थांबू नये. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सी.पी.आर., उचगावपासून काही लांब नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर केवळ "मुंग्या येतात" एवढ्यावर थांबू नये. कधीपासून, एका पायाला की दोन्ही, आधी जुलाब-ताप होता का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, दारू किती, हे सगळे न लपवता सांगावे. डॉक्टर पायाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून किंवा कंप पावणारा चिमटा लावून पाहतात. दोन मिनिटांची ही तपासणी आहे, वेदना नाही, खर्च नाही. मधुमेह्याने वर्षातून एकदा ती हट्टाने मागून घ्यावी.

आपल्या घरातली वडीलमाणसे बहुधा दुखणे सांगत नाहीत. जन्मभर राबलेल्या पायांबद्दल तक्रार करायची त्यांना सवयच नसते. म्हणून हे काम घरातल्या तरुण मुलामुलींचे आहे. आज रात्री कापसाचा एक बोळा घ्या, आई-वडिलांना डोळे मिटायला सांगा आणि त्यांच्या पायाच्या प्रत्येक बोटाला तो हलकेच लावून विचारा, "कळतंय का?" उत्तर "न्हाई" असे आले, तर उद्या सकाळी शाळा-कामाआधी त्यांना दवाखान्यात न्या.